सूक्ती द्या, सूप घ्या

पॅरिसमधल्या एका सरदाराने आपल्या मैत्रिणीला चिठ्ठी धाडली. सोबत नव्या सूक्ती होत्या आणि त्यांच्या बदल्यात मागणी होती गाजराच्या सुपाची आणि मटणाच्या रश्श्याची. जगात फुकट कोणी काही करत नाही, हे कारणही त्याने लिहून टाकलं होतं. माणसाच्या प्रत्येक चांगुलपणाखाली कुठेतरी स्वतःचा फायदा दडलेला असतो, असं आयुष्यभर सांगत राहिलेल्या माणसाला हा व्यवहार शोभणारा होता.

सरदाराचं नाव फ्रांस्वा द ला रोशफूको. आत्मवंचनेवर फ्रेंच भाषेत लिहिलं गेलेलं सर्वांत बोचरं पुस्तक त्याच्या नावावर आहे. मैत्रीण म्हणजे मादाम द साब्ले. तिच्या हातचे मुरंबे पॅरिसभर नावाजलेले होते. परलोकाची काळजी म्हणून १६५६ च्या सुमारास ती पोर-रोयालच्या मठाला लागून राहायला गेली, पण जाताना स्वयंपाकघराचा मोह काही सुटला नाही. आजाराची धास्ती तर इतकी की, ती आणि तिची एक मैत्रीण एकाच घरात राहून, पडसं लागेल या भीतीने, या खोलीतून त्या खोलीत चिठ्ठ्या पाठवत, असं त्या काळातल्या एका राजकन्येने थट्टेने लिहून ठेवलं आहे. घरात खासगी डॉक्टर होता. नाव व्हालां. तो तिचा पत्रव्यवहारही सांभाळायचा. याचं काम शेवटी पडणार आहे.

तिच्या दिवाणखान्यात एक खेळ चाले. माणसाच्या स्वभावाबद्दल कोणीतरी एक वाक्य टाकायचं, दुसऱ्याने त्यातला फापटपसारा काढायचा, तिसऱ्याने त्याला धार लावायची. बाई आणि ला रोशफूको यांच्या जोडीला तिसरा गडी झाक एस्प्री नावाचा विद्वान. वाक्यं चिठ्ठ्यांमधून घरोघर फिरत. कोणतं वाक्य मुळात कोणाचं, याचा छडा अनेक ठिकाणी आजही लागत नाही.

पण ला रोशफूको या खेळाकडे वळला तो हात पोळून घेतल्यावर. त्याच्या तरुणपणी फ्रान्सच्या दरबारात एक लहानसं, पाठ नसलेलं स्टूल फार मोलाचं होतं. राणीसमोर त्यावर बसायचा मान फक्त ठरावीक घराण्यांतल्या बायकांना मिळे, बाकीच्यांनी उभं राहायचं. आपल्या बायकोला तो मान मिळावा आणि तिची बग्गी थेट लूव्हरच्या अंगणात जावी, ही त्याची मागणी होती. ती डावलली गेली. सरदारांनी राजसत्तेविरुद्ध केलेल्या ‘फ्रोंद’ नावाच्या बंडाळीत (१६४८ ते १६५३) तो उतरला, त्यामागे हा डंख होता. तक्रार त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. मानपानावरून मांडव सोडून जाणारा व्याही आपल्याला ओळखीचा आहे. याने मांडवच पेटवायला मदत केली. भरीला तो राजघराण्यातल्या लोंगव्हिलच्या डचेसच्या प्रेमातही पडलेला होता. बंडवाल्यांची जाहीर भाषा मात्र वेगळी. आमचं भांडण राजाशी नाही, त्याला मंत्री माझारँच्या तावडीतून सोडवायचं आहे, असंच जो तो म्हणत होता. बहुतेकांना ते मनापासून खरंही वाटत असावं.

२ जुलै १६५२ ला पॅरिसच्या सँ-आंत्वानच्या वेशीजवळ त्याच्या तोंडावर गोळी लागली आणि काही काळ डोळ्यांपुढे अंधार झाला. वय ३८. बंड फसलं होतं, प्रेमपात्राने आधीच दुसरीकडे लक्ष वळवलं होतं, आणि व्हर्तयचा त्याचा वाडा राजाच्या हुकमाने दोन वर्षांपूर्वीच पाडला गेला होता. स्टुलाचा हिशेब महागात पडला. मग त्याने आठवणी लिहिल्या, पुढे पॅरिसला परतला आणि साब्लेबाईंच्या कोचावर बसून इतरांबरोबर आपलीही साल काढू लागला.

१६६४ मध्ये, म्हणजे इकडे शिवाजी महाराजांनी सुरत लुटली त्या वर्षी, त्याच्या सूक्ती हॉलंडमध्ये परवानगीविना छापल्या गेल्या. आता अधिकृत आवृत्ती काढणं भाग होतं. तिच्यावर वर्ष पडलं १६६५. त्याआधी साब्लेबाईंनी हस्तलिखित ओळखीपाळखीच्यांत फिरवून मतं गोळा केली होती. त्यांतली मादाम द लाफायेत ते वाचून हादरली. असलं सुचायला माणसाचं मन किती नासलेलं असावं, अशा अर्थाचं तिने कळवलं. हीच बाई पुढे त्याची सर्वांत जवळची सोबतीण झाली, आणि सांधेदुखीने जखडलेला ला रोशफूको रोज तिच्या घरी जाऊन बसू लागला.

पुस्तकाच्या आरंभी एक चित्र होतं. पंख असलेलं एक पोर रोमन तत्त्ववेत्ता सेनेका याच्या पुतळ्यावरचा हसरा मुखवटा काढून घेतंय आणि खालचा चेहरा भलताच आंबट आहे. पोर म्हणजे सत्याची आवड. पहिलीच सूक्ती पानभर लांब होती आणि विषय होता आत्मप्रेम. दुसऱ्या आवृत्तीत, १६६६ मध्ये, ती लेखकाने स्वतःच वगळली. ३१७ सूक्तींनी सुरू झालेलं पुस्तक १६७८ च्या पाचव्या आवृत्तीत ५०४ वर पोचलं. या प्रवासात ‘बहुधा’, ‘पुष्कळदा’, ‘बहुतेक माणसं’ असे शब्द गुपचूप वाढत गेले. पहिल्या आवृत्तीत सगळेच लबाड होते. पुढे काहींना पळवाट मिळाली. ती वाढत्या वयाने दिली की मादाम द लाफायेतने, कोण जाणे. फ्रेंच अकादमीत मात्र तो कधी गेला नाही. तिथे प्रवेशाच्या वेळी भाषण करावं लागे, आणि समोर पाचसहा माणसं दिसली की त्याला घाम फुटायचा, असं बिशप ह्यूए यांनी नोंदवलं आहे. तोफांपुढे उभा राहिलेला माणूस!

आता व्हालां डॉक्टरांच्या कागदांकडे. १६६५ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये ‘जुर्नाल दे साव्हां’ हे साप्ताहिक सुरू झालं. नव्या पुस्तकांची खबर देणारं असं नियतकालिक युरोपात पहिलंच. सूक्तींची ओळख त्यात यावी म्हणून साब्लेबाईंनी मजकूर लिहिला आणि छापायला देण्याआधी लेखकाकडेच पाठवला. बाई धूर्त होत्या. त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या: काहींच्या मते माणसाचं इतकं भयानक चित्र काढणं हा माणसाचा अपमान आहे, तर काहींना हे पुस्तक अतिशय उपयोगी वाटतं. तुला बोचेल असा भाग मुद्दाम ठेवलाय, बाकीचं पटलं तरी तेवढा तू छापू देणार नाहीस याची मला खात्री आहे, अशा अर्थाचं सोबत कळवायलाही त्या विसरल्या नाहीत.

९ मार्चच्या अंकात परीक्षण आलं. अपमान मानणारी मंडळी त्यातून गायब होती. स्तुती जागच्या जागी होती.

हे कळलं, कारण आजाराला भिणाऱ्या बाईंनी पदरी डॉक्टर ठेवला आणि डॉक्टरने औषधांच्या कृतींबरोबर त्यांची पत्रंही फाइलींत जपली. त्या फाइली पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोचल्या आणि एकोणिसाव्या शतकात व्हिक्तोर कुझँ याने त्यांच्या आधारे साब्लेबाईंवर अख्खं पुस्तक लिहिलं. मूळ मसुदा आणि छापील परीक्षण तेव्हापासून शेजारी ठेवून वाचता येतं. ला रोशफूकोने पुढे बारा-तेरा वर्षं सूक्ती तासल्या, घासल्या, गाळल्या, नव्या घातल्या. या प्रसंगावर त्यांत एकही नाही.