एकतिसावी डिव्हिजन (जपानी)

दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात ब्रह्मदेश आघाडीसाठी उभारलेली जपानी पायदळ डिव्हिजन. स्थापना बँकॉक येथे, २२ मार्च १९४३. तीत ५८, १२४ व १३८ या रेजिमेंटी होत्या. डिव्हिजन नवी असली तरी शिपाई नवखे नव्हते. ५८ वी रेजिमेंट चीनमध्ये लढलेली, तर १२४ वी ग्वादालकनालमध्ये पोळून निघालेली. सेनापती लेफ्टनंट जनरल कोतोकु सातो.

मार्च १९४४ मध्ये चिंदविन नदी ओलांडून ती कोहिमाकडे निघाली. जवळ सुमारे तीन आठवड्यांचा शिधा आणि मांसासाठी हाकत नेलेली गुरे. पुढचे शत्रूच्या कोठारांतून मिळेल, हा हिशेब.

मराठी वाचकाला या डिव्हिजनची ओळख हवी ती वाटेत मणिपुरातल्या सांगशाकला झालेल्या लढाईमुळे. कुलाबा (आता रायगड) जिल्ह्यासह कोकण हा मराठा पलटणींच्या भरतीचा जुना मुलूख. सांगशाकला होती चौथी मराठा पलटण (४/५ मराठा लाइट इन्फंट्री), ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडच्या जोडीला. पुढच्या टेकडीवरील पॅराशूट कंपनी वेढली गेली तेव्हा तिला सोडवण्याचा मराठ्यांचा प्रयत्न फसला, आणि पलटण मागे येऊन सांगशाकच्या मोर्च्यांत सामील झाली. तिथे जमीन खडकाळ, खंदक जेमतेम. काटेरी तार नाही, पाण्याचा तुटवडा, विमानांतून टाकलेली बरीचशी रसद जपान्यांच्या हाती. चर्चच्या टेकडीसाठी हातघाईची लढाई झाली. २६ मार्चच्या रात्री ठाणे सोडावे लागले.

ठाणे गेले तरी ५८ व्या रेजिमेंटचे शेकडो शिपाई आणि मोलाचे दिवस इथे खर्ची पडले. वास्तविक सांगशाक शेजारच्या १५ व्या डिव्हिजनच्या हद्दीत. एकतिसाव्या डिव्हिजनच्या पायदळ गटाचे प्रमुख मेजर जनरल मियाझाकी वाट वाकडी करून तिथे अडकले. शिवाय मृत जपानी अधिकाऱ्याजवळचे नकाशे हाती लागून कोहिमाचा बेत उघड झाला.

कोहिमाचा वेढा ४ एप्रिलला सुरू झाला. कोठारांचा हिशेब चुकला, पाऊस लागला, उपासमार सुरू झाली. रसद येत नाही म्हणून सातोंनी मेअखेर वरिष्ठांचा हुकूम धुडकावून माघार घेतली. त्यांना पदावरून दूर केले. मात्र कोर्ट मार्शल टाळण्यासाठी मनोरुग्ण ठरवण्यात आले. उरलेली डिव्हिजन १९४५ मध्ये इरावतीकाठी पुन्हा हरली. जपानच्या शरणागतीच्या वेळी ती दक्षिण ब्रह्मदेशात होती.