वाणाचे नाव आणि मांसाचे लेबल

इंग्लंडच्या पश्चिमेस सेव्हर्न नदीच्या काठी बर्कलीचे खोरे आहे. तेथील सफरचंदांच्या बागांतून आणि चीज करणाऱ्या शेतांवर डुकरांची एक जात वाढली. पांढरे अंग, त्यावर काळे ठिपके आणि डोळ्यांवर झुकलेले लोंबते कान हे तिचे रूप. झाडाखाली गळून पडलेली फळे आणि चीज करताना उरणारे निवळ पाणी हा तिचा आहार. अंगावरचे डाग म्हणजे वरून पडलेल्या सफरचंदांचे वण होत, अशी त्या भागातील गमतीची लोककथा आहे. या जातीचे नाव ग्लॉस्टरशर ओल्ड स्पॉट्स. तिच्या पाळकांनी १९१३ साली आपला संघ स्थापन केला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या बागेतल्या जनावराचे दिवस फिरले. ब्रिटनमधील मांसाचे रेशनिंग १९५४ साली संपले आणि स्वस्त व कमी चरबीच्या बेकनची मागणी वाढली. त्या बाजारात डेन्मार्कचा माल पाय रोवून उभा होता. १९५५ साली हॉविट समितीने सरकारला सल्ला दिला, की देशातील वराहपालन लार्ज व्हाइट, लँडरेस आणि वेल्श या तीनच जातींवर केंद्रित करावे. हिशेबाच्या दृष्टीने सल्ला चुकीचा नव्हता. परंतु हिशेबात न बसणाऱ्या जातींचे काय, याचे उत्तर त्यात नव्हते. ते उत्तर काळाने दिले. कंबरलँड डुक्कर १९६० च्या सुमारास नाहीसे झाले. मेंढीसारखी कुरळी लोकर अंगावर वागविणारी लिंकनशर कर्ली कोट ही जात १९७२ पर्यंत संपली. पुढच्याच वर्षी, १९७३ साली, दुर्मीळ जातींच्या रक्षणासाठी रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट ही संस्था उभी राहिली.

या रक्षणाचा मार्ग मात्र चमत्कारिक होता. डुक्कर काही नांगराला जुंपता येत नाही, की त्याचे दूध विकता येत नाही. त्याचे मांस कोणी खाईल तरच शेतकरी ते पाळील. जुन्या जातीचे डुक्कर सावकाश वाढते आणि अंगावर चरबी अधिक धरते. सबब त्याच्या मांसास चढा भाव मिळाला पाहिजे. हा भाव गिऱ्हाईक देते ते केवळ नावाच्या विश्वासावर. कारण मांसविक्रेत्याच्या फळीवर ठेवलेल्या तुकड्यावर ठिपके नसतात. तेव्हा कोणत्याही संकरित डुकराच्या मांसावर जुन्या जातीचे नाव डकवावे आणि चढे दाम घ्यावे, हा मोह सहज होण्याजोगा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! असे झाले की खरा पाळक आपला खर्च भरून काढू शकत नाही आणि लेबलावर नाव झळकत असतानाच गोठ्यातील जात संपते.

बरे, जिवंत जनावर पाहूनही निर्णय होत नाही. या जातीच्या प्रमाणात अंगावर निदान एक स्पष्ट ठिपका असावा, एवढीच ठिपक्याची अट आहे. संकरित पिलालाही ठिपके येऊ शकतात. म्हणून पुरावा कातडीवर नव्हे, तर कागदावर शोधावा लागला. १८८४ साली स्थापन झालेल्या आणि पुढे ब्रिटिश पिग असोसिएशन या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेच्या वंशनोंदीचा येथे उपयोग झाला. आई व बाप दोघेही नोंदवहीत असले पाहिजेत, आणि त्या वेताची जन्मनोंद झालेली असली पाहिजे. प्रदर्शनात कधी न जाणाऱ्या, कत्तलखान्याच्याच वाटेने जावयाच्या पिलाचीही वंशावळ लिहून ठेवावयाची, हे वरवर हास्यास्पद वाटेल. परंतु साऱ्या व्यवस्थेचा कणा तोच आहे.

जपानने हा प्रश्न अधिक थोडक्यात सोडविला. तेथे ‘कुरोबुता’, म्हणजे काळे डुक्कर, या नावाच्या मांसाची मोठी ख्याती. आणि ज्याचे मांस ते, ती बर्कशर जात मुळात इंग्लंडचीच. केवळ शुद्ध बर्कशरच्या मांसासच हे नाव लावावे, असे तेथील सरकारने १९९९ साली ठरविले. रंग काळा असणे एवढ्यावर आता भागत नाही.

ग्लॉस्टरशरच्या पाळकांना २०१० साली युरोपीय संघाची मान्यता मिळाली. नोंदविलेले नाव ‘ट्रॅडिशनली फार्म्ड ग्लॉस्टरशर ओल्ड स्पॉट्स पोर्क’ असे लांबलचक आहे, आणि त्यातील पहिले दोन शब्द शोभेचे नाहीत. शुद्ध वंशाबरोबर पाळण्याची जुनी पद्धतही त्यांत बांधून घेतली आहे. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर २०२१ पासून असे संरक्षण तेथील स्वतंत्र योजनेखाली चालते. या प्रकारच्या मान्यतेत प्रदेशाची अट नसते, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. स्कॉटलंडमध्ये वाढलेले डुक्कर, वंशनोंद आणि पाळणूक ठीक असल्यास, हे नाव धारण करू शकते. आणि बर्कलीच्या खोऱ्यात, सफरचंदाच्याच झाडाखाली वाढलेले पण नोंद नसलेले डुक्कर ते धारण करू शकत नाही.