टपाल तिकीट संग्रह : परिभाषा

टपाल तिकिटांचा संग्रह, वर्गीकरण व अभ्यास करणाऱ्यांच्या रोजच्या वापरातील संज्ञा. बहुतेक संज्ञा तिकिटावर डोळ्यांना दिसणाऱ्या किंवा बोटांना लागणाऱ्या एखाद्या खुणेच्या आहेत. म्हणून नवशिक्याने त्या पाठ करत बसू नये. भिंग व चिमटा घेऊन तिकिटावरच शोधाव्यात.

ब्रिटनचे पेनी ब्लॅक हे जगातील पहिले टपाल तिकीट 6 मे 1840 पासून वापरात आले. त्याला कडेची भोके नव्हती. ताव कात्रीने कापावा लागे. अशा तिकिटाला ‘इम्पर्फोरेट’ म्हणतात आणि चारही बाजूंना कोरा समास शिल्लक असेल, तर त्याला अधिक मोल येते. पुढे भोके पाडण्याची यंत्रे आली. 2 सेंमी. लांबीत किती भोके बसतात, तो आकडा म्हणजे तिकिटाचे ‘पर्फोरेशन’. आडव्या व उभ्या कडांचे आकडे वेगळे असल्यास आडव्याचा आधी लिहितात. चित्र, रंग, किंमत सारे तेच आणि आकडा निराळा, तर संग्राहकाच्या लेखी तिकीटही निराळे.

‘वॉटरमार्क’ ही कागद तयार होतानाच त्यात उमटवलेली खूण. तिकीट उजेडासमोर धरल्यास किंवा काळ्या पृष्ठभागावर पालथे ठेवल्यास ती दिसते. नवी दिल्लीच्या उद्‌घाटनानिमित्त 1931 साली निघालेली सहा तिकिटे नाशिकच्या मुद्रणालयात छापली गेली. त्यांच्या कागदात तारे आहेत. काही तिकिटांत ताऱ्यांची टोके डावीकडे, तर काहींत उजवीकडे वळलेली दिसतात. दोन्ही प्रकार वेगळे जपले जातात. प्रसंगाच्या स्मरणार्थ निघालेली अशी तिकिटे ‘कमेमोरेटिव्ह’, तर नित्याच्या टपालासाठी पुन्हा पुन्हा छापली जाणारी ‘डेफिनिटिव्ह’. नवशिके डेफिनिटिव्हकडे दुर्लक्ष करतात, हे योग्य नव्हे. छपाईचे बारकावे तिथेच सर्वाधिक सापडतात. स्वतंत्र भारताची पहिली डेफिनिटिव्ह मालिका 15 ऑगस्ट 1949 रोजी निघाली. तिच्यात अजिंठ्याचा हत्तीही आहे. एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती डावी-उजवी उलटून छापली गेली होती. 1950 मध्ये ती सुलट करून तिकीट पुन्हा काढले.

ही चित्रातली चूक झाली. ती प्रत्येक प्रतीत असल्याने दुर्मीळ ठरत नाही. ‘एरर’ म्हणून जिची किंमत चढते, ती छापताना काही प्रतींतच घडलेली चूक. 1854 च्या चार आण्यांच्या तिकिटाची तांबडी चौकट व राणी व्हिक्टोरियाचे निळे मस्तक वेगवेगळे छापत. काही तावांवर मस्तक उलटे उमटले. ती तिकिटे आज जगातील मोलाच्या तिकिटांत गणली जातात.

तयार तिकिटावर नंतर केलेली छपाई म्हणजे ‘ओव्हरप्रिंट’. तिने किंमत बदलली, तर ‘सरचार्ज’. 1971 मध्ये पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी टपालावर 5 पैशांचा जादा आकार बसला. वेळ थोडा असल्याने कुटुंबनियोजनाच्या तिकिटावर ‘रेफ्युजी रिलीफ’ छापून काम भागवले. काही शहरांत ही छपाई स्थानिक पातळीवर झाली, त्यामुळे अक्षरांच्या धाटणीवरून ती ओळखता येते.

खरेदीत पैसे जातात ते स्थितिदर्शक संज्ञा न कळल्यामुळे. न वापरलेले तिकीट ‘मिंट’. ‘हिंज’, म्हणजे अल्बममध्ये चिकटवायची कागदी पट्टी, कधीच न लागलेले व मूळ गोंद शाबूत असलेले तिकीट ‘एमएनएच’. कोकण-गोव्याच्या दमट हवेत गोंदावर तपकिरी डाग पडतात, म्हणून खरेदीपूर्वी तिकीट उलटून पाहावेच. टपालातून गेलेले ते ‘यूज्ड’; टपालात न जाताच संग्राहकांसाठी शिक्का मारलेले ‘सीटीओ’, आणि ते सहसा स्वस्त असते.

एकमेकांना जोडून छापलेली वेगवेगळ्या चित्रांची तिकिटे ‘से-टेनंट’, चौकोनातली चार ‘ब्लॉक’, भोवती सजवलेला समास असलेला छोटा ताव ‘मिनिएचर शीट’. टपालातून गेलेले पाकीट ‘कव्हर’. प्रकाशनाच्या दिवशीचा शिक्का असल्यास ‘फर्स्ट डे कव्हर’. जुन्या कव्हरवरून तिकीट सोडवू नये. गावाचा शिक्का, तारीख व टपालाचा दर यांचा एकत्र पुरावा त्यावरच असतो आणि अनेकदा अख्ख्या कव्हरचे मोल सुट्या तिकिटाहून जास्त भरते.