घरखर्चातून कर्जफेड : काटकसर केव्हा उपयोगी पडते?

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पगाराची तारीख साधारणतः सात. दहा तारखेपर्यंत त्या पगारातला मोठा हिस्सा गृहकर्जाचा हप्ता, दुचाकीचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाची किमान रक्कम यांत निघून जातो. कामगारांच्या पतसंस्थेची कपात तर पगार हाती पडण्यापूर्वीच झालेली असते. उरलेल्या पैशांत महिना भागत नाही, म्हणून वीस तारखेनंतर किराण्यासाठी पुन्हा कार्ड बाहेर निघते. उत्पन्न बरे असूनही कर्ज हटत नाही, अशी अवस्था सिडकोपासून नाशिकरोडपर्यंतच्या असंख्य पगारदार घरांत आढळते. नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात, पण त्यामुळे नाशिककरांच्या खिशात त्या अधिक काळ टिकतात असे काही दिसत नाही.

कर्ज फेडण्याचे मार्ग तीनच. उत्पन्न वाढवणे, काही विकणे किंवा खर्च कमी करणे. पहिला मार्ग सर्वांच्या हाती नसतो आणि दुसऱ्यासाठी विकण्याजोगे काही असावे लागते. तिसरा मार्ग बहुतेकांना मोकळा असतो, परंतु त्याबाबत एक गैरसमज रूढ आहे. खर्च कमी केला की कर्ज आपोआप कमी होते, असे मानले जाते. प्रत्यक्षात भाजीत वाचलेले चाळीस रुपये पाकिटातच राहतात आणि दोन दिवसांत दुसऱ्याच कशावर तरी खर्च होतात. वाचलेली रक्कम त्याच आठवड्यात कर्जाच्या मुद्दलात जमा झाली, तरच त्या काटकसरीला कर्जफेड म्हणता येते. ज्या घरांनी कर्ज खरोखर फेडले, त्यांनी बहुधा हा दुवा जोडलेला असतो.

आधी यादी, मग कात्री

आरंभ वहीपासून करावा लागतो. कोणाचे किती देणे आहे, व्याजाचा दर काय, हप्ता किती, मुदत केव्हा संपते आणि जामीनदार कोण, अशी प्रत्येक कर्जाची नोंद एका पानावर मांडावी. हे काम वाटते तितके सोपे नसते. अनेक घरांत पत्नीला कार्डाची थकबाकी ठाऊक नसते आणि पतीला भिशीतून उचललेल्या रकमेचा पत्ता नसतो. मोबाइलवरील ॲपमधून मुलाने घेतलेले कर्ज वसुलीचा फोन आल्यावरच उघड होते. एकाने पोटाला चिमटा काढायचा आणि दुसऱ्याने त्याच महिन्यात नवा हप्ता अंगावर घ्यायचा, असे चालले तर कोणतीही योजना तीन महिने टिकत नाही. म्हणून यादी सर्वांसमक्ष व्हावी. नोंदीबाहेरचे एखादे कर्ज सुटले असेल तर तेही सापडू शकते, कारण पतमाहिती कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे.

यादी झाली की दरांकडे पाहावे. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे ४२ टक्के व्याज लागते आणि त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा. गृहकर्जाचा दर ९ टक्के धरला, तर वाचवलेले २,००० रुपये गृहकर्जात भरल्यास वर्षाचे १८० रुपये व्याज वाचते. तेच २,००० कार्डात भरल्यास ८४० रुपये वाचतात आणि वर कर वाचतो. ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवल्यास १४० रुपये मिळतात. तरीही एका बाजूला ठेव आणि दुसऱ्या बाजूला कार्डाची थकबाकी सांभाळणारी कुटुंबे कमी नाहीत. ठेव मोडणे म्हणजे संसाराला तडा, ही भावना त्यामागे असते. एक-दोन महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी रक्कम बाजूला ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण ती नसेल तर पहिल्याच आजारपणात पुन्हा कार्ड वापरावे लागते. त्यापलीकडची ठेव मात्र महागडे कर्ज असेपर्यंत तोट्याचीच.

कार्डाची थकबाकी ६०,००० रुपये आहे आणि नवी खरेदी पूर्ण थांबवली आहे, असे समजू. वरील दराने कर धरून दरमहा ३,००० रुपये भरल्यास हे कर्ज फिटायला सुमारे ४३ महिने लागतात आणि एकूण भरणा १ लाख २९ हजारांच्या घरात जातो. कारण पहिल्या महिन्याच्या ३,००० रुपयांपैकी २,४७८ रुपये व्याज व करातच जिरतात, मुद्दल जेमतेम ५२२ रुपयांनी घटते. घरखर्चातून दरमहा आणखी २,००० रुपये काढून ५,००० भरले, तर तेच कर्ज १७ महिन्यांत संपते आणि एकूण भरणा ८५,००० रुपयांच्या आत राहतो. महिन्याला वाचवलेल्या दोन हजारांची किंमत अशी एकूण ४५,००० रुपयांच्या आसपास भरते. देयकावर छापलेली किमान रक्कम, जी बहुधा थकबाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते, तेवढीच भरत राहिल्यास रक्कम घटेल तसा भरणाही घटत जातो आणि कर्ज याहूनही लांबते.

दोन हजार कोठून काढायचे?

नाशिकच्या घरांना या बाबतीत काही सोयी जन्मतः लाभलेल्या आहेत. निफाडचा गहू आणि लासलगावचा कांदा जवळच पिकतो. उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरून ठेवण्याची जुनी रीत सदनिकांमध्ये मागे पडली असली, तरी ती हिशेबात आजही बसते. कांदा साठवायचा तर तो उन्हाळीच हवा. खरीप आणि रांगडा कांदा टिकत नाही. उन्हाळी कांदा मात्र हवेशीर जागी चार-पाच महिने राहतो आणि पावसाळ्याअखेरच्या भाववाढीतून घर वाचते. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात आठवड्याची भाजी एकदम घेतल्यास दारावरच्या रोजच्या खरेदीपेक्षा स्वस्त पडते आणि दिवस कलताना भाव आणखी उतरतात. एक सावधगिरी मात्र हवी. वर्षाचा गहू कार्डावर घेऊन थकबाकी वाढवली, तर घाऊक खरेदीतला सगळा फायदा व्याजात जातो. साठवणीची खरेदी रोखीनेच व्हावी, नाहीतर महिन्याची गोणी बरी.

विजेच्या देयकात दर टप्प्याटप्प्याने वाढतो. घरगुती ग्राहकांसाठी १००, ३०० आणि ५०० युनिट हे टप्पे आहेत. त्यामुळे तीनशेच्या किंचित वर असलेल्या घराने थोडा वापर घटवला तरी कमी होणारी युनिटे महाग दराची असतात. शहरात ‘सिटीलिंक’ बससेवा जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. तिच्या मार्गावर राहणाऱ्या कुटुंबाने दुसरी दुचाकी खरोखर लागते का, याचा विचार करायला हरकत नाही. हप्ता, विमा, पेट्रोल आणि दुरुस्ती मिळून एका दुचाकीचा महिन्याचा खर्च किराण्यातील कोणत्याही कपातीपेक्षा मोठा निघतो.

येथेच बहुतेक घरांची गल्लत होते. कात्री प्रथम चालते ती दुधावर, फळांवर आणि गृहिणीच्या स्वतःच्या गरजांवर, कारण त्या रोज डोळ्यांसमोर असतात. न पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांचे शुल्क, जुन्या फोनचे काम भागत असताना हप्त्याने घेतलेला नवा फोन, मानपानासाठी लग्नकार्यात दिलेले आहेर, दिवाळीत ऋण काढून केलेली सणाची खरेदी या मोठ्या बाबी वर्षातून थोड्याच वेळा येतात, म्हणून हिशेबातून निसटतात. रविवारची मिसळ बंद करून कर्ज फिटत नाही. उलट घरातला एवढाही आनंद काढून घेतला तर मुले आणि मोठे दोघेही दोन महिन्यांत कंटाळतात आणि सारी शिस्त मोडते. मिसळ राहू द्यावी, हप्त्याचा फोन टाळावा.

प्रतिष्ठेपायी वाढलेले कर्ज घर कसे पोखरते, याचे मराठी वाचकाला सर्वाधिक परिचित असलेले चित्र नाशिकमध्येच लिहिले गेले. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. त्यातील आई काटकसरीची पराकाष्ठा करते, तरी घर वाचत नाही. व्याजाचा वेग बचतीच्या वेगापेक्षा मोठा असला की असेच होते. अशा वेळी आधी कर्जाचा दर खाली आणावा लागतो.

दर खाली आणताना

महागडे कर्ज स्वस्त कर्जाने फेडणे हा त्यावरील सरळ उपाय. पगारदारांच्या पतसंस्थेचा दर कार्डाच्या दरापेक्षा बराच कमी असतो. शिवाय सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार, सभासदाने करार करून दिलेला असेल तर हप्ता पगारातूनच कापला जातो, त्यामुळे चुकण्याचा प्रश्न उरत नाही. जामीनदाराचा प्रश्न मात्र नाजूक असतो. करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि ज्या सहकाऱ्याने विश्वासाने सही केली त्याच्या पगाराला हात लागला तर एकाच यंत्रावर काम करणाऱ्या दोघांचे बोलणे तुटते.

सोनेतारण हा दुसरा मार्ग. घरातील दागिने कपाटात असताना ४२ टक्के व्याज भरत राहणे हिशेबाला धरून नाही. पण मुदत संपली की केवळ व्याज भरून तेच दागिने पुन्हा तारण ठेवण्याची सवय लागते आणि वर्षानुवर्षे मुद्दल तसेच राहते. दरमहा मुद्दलातही भरता येईल अशा पद्धतीचे कर्ज मिळाले तरच हा मार्ग धरावा, आणि तोही दागिने जिचे आहेत तिच्या संमतीनेच. बोलीची भिशी मात्र यासाठी घेऊ नये. वीस जणांनी दोन-दोन हजार जमवलेल्या ४०,००० च्या भिशीतून कोणी ८,००० सोडून ३२,००० उचलले, तर ते आठ हजार म्हणजे व्याजच. फक्त त्याला कोणी व्याज म्हणत नाही.

खासगी सावकाराकडून घेतलेल्या कर्जाबाबत कायदा कर्जदाराला बरेच संरक्षण देतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ मध्ये लागू झाला. त्याखाली शासनाने ठरवलेले कमाल वार्षिक दर बिगरशेती कर्जासाठी तारणावर १५ टक्के आणि विनातारण १८ टक्के असे आहेत. चक्रवाढ व्याजाला मनाई आहे आणि मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. ‘दामदुपट’ या जुन्या दंडकाचाच हा वारसा. महिन्याला पाच किंवा दहा टक्के मागणारा सावकार बहुधा परवान्याशिवायच धंदा करत असतो. त्याच्याविरुद्ध तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात करता येते.

बँकांच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. व्यक्तींना दिलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा आकार बँकांना २०१२ पासून घेता येत नाही, त्यामुळे वाचलेली छोटी रक्कमही त्यात भरता येते. स्थिर दराच्या वैयक्तिक कर्जावर तो आकार असू शकतो, म्हणून करार आधी वाचावा. आणि हप्ता थकला तरी वसुली प्रतिनिधीने सकाळी आठपूर्वी किंवा सायंकाळी सातनंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

नातेवाइकांकडून घेतलेल्या हातउसन्या रकमेला व्याज नसते, म्हणून हिशेबाप्रमाणे ती शेवटी फेडावी असे निघते. तरी दरमहा पाचशे रुपये का होईना, ठरल्या तारखेला देत राहावे. पाहुण्यांकडे जाणे टाळावे लागण्याची वेळ त्यामुळे येत नाही.

अखेरचा हप्ता भरल्यावर काम थोडे शिल्लक असते. येणे बाकी नसल्याचा दाखला घ्यावा. तारण ठेवलेली मालमत्तेची कागदपत्रे कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेच्या चुकीमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. वाहनावरील बोजा उतरवण्यासाठी बँकेच्या सहीचा ३५ क्रमांकाचा नमुना घेऊन पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात अर्ज करावा लागतो. बंद केलेल्या कार्डाची नोंद पतअहवालात ‘बंद’ अशी झाली की नाही, हे महिन्या-दोन महिन्यांनी तपासून घ्यावे.