भाजलेला लाल, भिजलेला लाल

गोंदियाहून हावड्याकडे जाणारी गाडी आमगाव, सालेकसा मागे टाकून दरेकसाच्या डोंगरात शिरते. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेकडे निघालेले गोंड भाविक याच मुलखात उतरतात. या पट्ट्यात एके काळी ज्वालामुखी धगधगत होते.

भूवैज्ञानिक एस. एन. सरकार यांनी १९५७-५८मध्ये खरगपूर आयआयटीच्या नियतकालिकात इथल्या खडकांची ‘डोंगरगड प्रणाली’ मांडली. निबंधाच्या शीर्षकात भंडारा, दुर्ग, बालाघाट आहेत, गोंदिया नाही. असणार कसं? जिल्हा झाला १ मे १९९९ला. आमगावचं नाव मात्र तिथल्या नाइस खडकाला कायमचं चिकटलं, आणि ज्वालामुखीतून आलेला रायोलाइट ‘बिजली’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याचं वय आधी २१८ कोटी वर्षं धरलं जाई; पुढे त्यातल्या झिरकॉन खनिजाच्या कणांचं वय मोजल्यावर ते २५० कोटींच्या आसपास गेलं.

अशा खडकातला लालसरपणा कुठून येतो? लोखंड गंजलं, एवढं म्हणून भागत नाही. लाव्हा थिजताना त्यात लोह आणि टायटॅनियम असलेले काळे कण तयार होतात. खडक अजून सहाशे अंशांच्या वर तापलेला असताना वाफेतला ऑक्सिजन त्यांना भिडला, की कण आतून फुटतो: मॅग्नेटाइटमध्ये इल्मेनाइटच्या बारीक पट्ट्या जाळीसारख्या उमटतात. ऑक्सिडीकरण आणखी पुढे गेलं तर हेमटाइट होतं, म्हणजे गेरूतला तोच लाल. पावसापाण्यानेही हेमटाइट बनतं, पण ही जाळी भट्टीतलीच. दोन्ही लाल नुसत्या डोळ्यांना सारखेच. सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे पडतात.

या जाळीमुळे खडकाची चुंबकीय स्मृती घट्ट होते. मॅग्नेटाइट ५८० अंशांखाली निवताना त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पन्नाशीच्या दशकात हीच दिशा वाचली जात होती. डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचा दख्खनच्या लाव्ह्यावरचा निबंध १९५९चा. असल्याच मोजमापांतून दिसलं, की तो लाव्हा निवला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता.

दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे अगदी कालपरवाचा. त्याच्या पाटीवर नंतर फारसं काही गिरवलं गेलेलं नाही. सालेकसाकडच्या खडकावर मात्र नंतरच्या उष्णतेने, दाबाने आणि असंख्य पावसाळ्यांनी पुन्हा पुन्हा गिरवलं आहे. तिथला लाल तुकडा हाती घेऊन कोणी ‘हा भट्टीतलाच’ असं छातीठोक सांगू लागलं, तर आधी त्याचा घासून चकचकीत केलेला काप मागावा.