पोत्यातल्या खापऱ्या

आमच्या अंगणात कडूनिंबाखाली एक टेबल आहे. येणारा त्यावर चहाचा कप ठेवतो आणि विचारतो, "हे फुटक्या कपबश्यांचं काय करून ठेवलंय?"

जुन्या गावठाणातलं आमचं घर माळवदाचं. दोन-अडीच फूट रुंद दगडाच्या भिंती, चुना-सिमेंट नाही, नुसता मातीचा गिलावा. वर सागवानी तुळया, त्यावर लादनी आणि तिच्यावर फूट-दोन फूट माती. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून दर दोन-चार वर्षांनी वर पांढरी माती टाकायची. जुनी काढायची नाही, नवी टाकायची. आज्यापासून ते ओझं वाढतच गेलं. उन्हाळ्यात घर असं गार की आम्हाला त्याचा गर्व होता.

माझ्या मायेनं देवळीत सहा कपबश्या मांडून ठेवल्या होत्या. आठवडी बाजारातून आणलेल्या, काठाला लाल वेल. पाहुणे आले तरच निघायच्या. आम्हाला जर्मनच्या भांड्यात चहा.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते, गाव दमून झोपलं होतं. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. मी ज्वारीच्या राखणीला शेतात होतो, मालकीण बाळंतपणाला माहेरी. घरात माय आणि बाप. जमीन हलून कमी, त्या मातीनंच जास्त माणसं गेली. किल्लारीच्या पट्ट्यात जवळपास दहा हजार. त्या दिवसाचं यापेक्षा जास्त मी लिहीत नाही.

पुढं नवी गावं वसली. बावन्न गावं पार दुसरीकडं हलवली. आमचं घर सिमेंटचं, रस्ते रुंद, शेजारी हाकेच्या पल्ल्याबाहेर. जुन्या जागेतलं लाकूड काढायला गेलो तेव्हा ढिगाऱ्यात लाल वेलाचा तुकडा दिसला. मग पुन्हा-पुन्हा जात राहिलो. गोणीभर खापऱ्या झाल्या. "फुटकं भांडं घरात ठेवू नये," मालकीण म्हणायची. गोणी गोठ्यात ठेवली. तेरच्या संग्रहालयात मी पाहिलं होतं, दोन हजार वर्षांपूर्वीची खापरं काचेच्या कपाटात मांडलीत. तेही आमच्याच तेरणेच्या काठी. तिथल्या खापराला कपाट आणि माझ्या मायेच्या बशीला उकिरडा का, एवढंच माझं म्हणणं.

तीन वर्षांपूर्वी गच्चीवर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवायला मिस्त्री आला. चायना मोझॅक म्हणतात त्याला, ऊन परततं. त्याला गोणी दाखवली. म्हणाला, "दादा, याचं टेबल व्हतंय की."

पहिलं फसलं. घाईत नुसत्या सिमेंटमध्ये खापऱ्या दाबल्या, तिसऱ्या दिवशी निम्म्या उचकटल्या. गुळगुळीत बाजू धरत नाही म्हणे. दुसऱ्यांदा मिस्त्रीनं रीत बदलली. आत जाळी घालून दोन इंचांची फरशी ओतली. खापऱ्या रात्रभर पाण्यात भिजवल्या, कडा कानशीनं घासल्या, मागची बाजू खरबरीत केली. मग कालवलेल्या सिमेंटवर एकेक ठेवून वरून फळीनं सारख्या दाबल्या. फटींत पांढरं सिमेंट भरून ओल्या गोणपाटानं पुसून काढलं. पुसायला उशीर झाला की डाग निघत नाही, तेवढं मी शिकलो. आठवडाभर पाणी मारलं. खाली विटांचा खांब बांधला. लाल वेल मधोमध, निळ्या फुलांचे तुकडे कडेला.

दिवाळीला अक्का आली. टेबलावर हात फिरवला, लाल वेलापाशी थांबली. मग निळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे आपलं न्हवं रे. काकूचं हाय."

आमची आणि काकूची भिंत एकच होती. ढिगारा एकच झाला, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या घरातला एकच पोरगा वाचला, आत्यानं वाढवला, आता पुण्यात आहे. मला वाटलं, त्याचं त्याला द्यावं. पण सिमेंटमधून काढायचं कसं? फोन केला.

उन्हाळ्यात आला. वाकून निळी फुलं पाहत राहिला. म्हणाला, "काका, आमच्या घरी असे कप होते का, मला आठवत नाही. मी चार वर्षांचा होतो."

मालकिणीनं चहा आणला. त्यानं खुर्ची सरकवली आणि निळ्या बाजूला बसला.