खुंटीवरचं हेल्मेट

आमच्या लहानपणी आकुर्डीत स्कूटर म्हणजे घरातलं माणूसच. चेतक १९७२ साली आली, पण नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. अब्बांची गाडी आली आणि आम्ही चौघं तिच्यावरून निघू लागलो: पुढे मी उभा, मागे अम्मी, तिच्या मांडीवर बहीण. हेल्मेट घरात एकच, तेही दाराआडच्या खुंटीवर. अब्बा म्हणत, "इथंच तर जायचंय."

एका पावसाळ्यात अशाच जवळच्या फेरीत गाडी घसरली. अब्बा एकटेच होते. हाडं जुळली, पण डोक्याला मार बसला होता. माणसांची नावं त्यांना आठवेनाशी झाली. मला ते शेवटपर्यंत चाचांच्या नावानं हाक मारत.

अशाच एका अपघातातून हेल्मेटचा अभ्यास सुरू झाला. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी तो गेला, वय ४६. त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांत मेंदूचे शल्यचिकित्सक ह्यू केर्न्स होते. पुढं महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसणारे दगावले. १९४१ साली केर्न्स यांनी लेख लिहिला. हेल्मेट घातलेले जखमी त्यांना सातच सापडले. सातही वाचले होते. त्याच नोव्हेंबरात ब्रिटिश लष्करानं आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्यानं मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सांगितलं. पुण्यात १ जानेवारी २०१९पासून कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा विरोधात मोर्चा निघाला. शहरात वेग कुठं असतो, असा सवाल होता. पण डोकं रस्त्यावर आपटायला मोठा वेग लागत नाही. अब्बा कुठं वेगात होते?

हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा थर असतो. तो स्वतः चेपून धक्का पितो, म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदलावं. घेताना आयएसआय खूण पाहावी, गालाशी घट्ट बसतं का बघावं आणि पट्टा लावूनच निघावं. पडताना हात आधी टेकतात, म्हणून हातमोजे हवेत. चपलेऐवजी घोटा झाकणारे बूट हवेत, आणि अंगात जाड जाकीट.

आता आम्ही रावेतला राहतो. मुलगा चाकणला पहिल्या पाळीला जातो. पहाटे मी दारात उभा राहतो आणि पट्ट्याचा 'टक्' आवाज ऐकल्यावरच आत येतो. परवा बायको भाजीला निघाली, तेव्हा मीही म्हणालो, "इथंच तर जायचंय." मग माझं मलाच ऐकू आलं. दुसरं हेल्मेट त्याच दिवशी आणलं.